अस्वलांच्या रानातील चूल

उन्हाळ्याचे दिवस आहेत. संध्याकाळचे आठ वाजून गेले, तरी आकाशात उजेड अजून रेंगाळत आहे. उंच पाइन वृक्षांच्या दाटीतून एक ओढा खळखळत वाहत आहे आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर एका कुटुंबाने आपला तंबू ठोकला आहे. तंबूसमोर एक लाकडी मेज आणि मेजाशेजारी तीन पायांची लोखंडी शेगडी. त्या देशात हिला ग्रिल म्हणतात. हिच्या जाळीवर मघाशी मांसाचे तुकडे आणि मक्याची कणसे भाजली गेली. आता जेवणे झाली आहेत, मुले पेंगुळली आहेत, निखारे विझत आले आहेत. दिवसभराच्या भटकंतीने थकलेल्या वडिलांच्या मनात येते, 'राहू दे ती शेगडी अशीच. सकाळी उठल्यावर घासू.'

इतक्यात झाडांमागून रुंद काठाची टोपी घातलेला एक वनरक्षक येतो. तो मोठ्या अदबीने चार शब्द बोलतो आणि मग सांगतो की, शेगडी, जाळी, चिमटे, पातेली, बर्फाची पेटी, इतकेच काय पण पाण्याची रिकामी बादलीसुद्धा रात्री बाहेर ठेवता येणार नाही. ठेवल्यास दंड भरावा लागेल.

तुम्ही म्हणाल, ही काय तऱ्हा! आपल्या घरी रात्रीची खरकटी भांडी मोरीत तशीच राहिली, तर सकाळी त्यांना मुंग्या लागलेल्या दिसतात आणि फार तर घरच्यांची बोलणी खावी लागतात. त्यासाठी सरकारने माणूस पाठवावा आणि दंडाची भाषा करावी, असे त्यात आहे तरी काय? पण ज्या रानात हे कुटुंब उतरले आहे, तेथे खरकट्याला मुंग्या लागत नाहीत. तेथे अस्वल येते. आणि अस्वल एकदा आले, म्हणजे त्या भेटीची किंमत बहुधा अस्वलालाच मोजावी लागते. ती कशी, हे समजून घेण्यासाठी आधी ते रान आणि ते अस्वल यांची ओळख करून घेतली पाहिजे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, रॉकी पर्वताच्या प्रदेशात, यलोस्टोन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १८७२ साली स्थापन झाले. राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवलेला जगातील पहिला प्रदेश हा मान त्यालाच दिला जातो. 'उद्यान' या शब्दावरून फुलांचे ताटवे आणि कारंजी मात्र डोळ्यांपुढे आणू नका. सुमारे ९,००० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठा, असा हा डोंगर, दऱ्या, तळी आणि उकळत्या पाण्याचे झरे यांनी भरलेला मुलूख आहे. लाखो लोक दरवर्षी तेथे जातात, आणि त्यांतील पुष्कळजण तंबू ठोकून राहतात. अशा मुक्कामांसाठी ठिकठिकाणी मोकळ्या जागा आखून दिलेल्या आहेत.

या रानात दोन जातींची अस्वले राहतात. एक काळे अस्वल. याच्या नावावर जाऊ नका, कारण यातील कित्येक तपकिरी किंवा दालचिनीच्या रंगाचीही असतात. दुसरे ग्रिझली. ग्रिझलीच्या खांद्यांवर स्नायूंचा ठळक उंचवटा असतो, त्याची नखे लांब असतात आणि जमीन उकरण्यात त्याचा हात धरणारा प्राणी विरळा. तेथील पूर्ण वाढलेला मोठा नर ३०० किलोपर्यंत भरतो. आपल्याकडे मेळघाटच्या आणि ताडोबाच्या जंगलांत राहणारे अस्वल याच कुळातले. पण ते वारुळे फोडून वाळवी खाते, मोहाची फुले वेचते आणि बाराही महिने जागे असते. यलोस्टोनच्या अस्वलाचे तसे नाही. तेथला हिवाळा इतका कडक असतो की, अस्वल गुहेत किंवा झाडाच्या मुळाशी खोदलेल्या बिळात शिरते आणि सुमारे पाच महिने काही न खातापिता निजून राहते. या पाच महिन्यांची सारी तरतूद त्याला आपल्याच अंगावर चरबीच्या रूपाने करून ठेवावी लागते.

अस्वलाच्या साऱ्या वागणुकीची किल्ली येथे आहे. उन्हाळा संपत आला की, त्याला खाण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. या दिवसांत मोठे अस्वल दिवसाला २०,००० उष्मांकांपर्यंत अन्न खाऊ शकते. तुमच्या वयाच्या मुलाला दिवसाकाठी साधारण २,००० उष्मांक पुरतात. म्हणजे दहा मुलांचे जेवण ते एकटे फस्त करते. आणि रानात हे अन्न कोणी ताटात वाढून ठेवलेले नसते. ग्रिझली त्यासाठी काय काय कष्ट घेते, ते ऐकण्यासारखे आहे. पाइनच्या एका जातीच्या बिया खारींनी जमिनीत साठवलेल्या असतात. त्या ते वासाने हुडकून उकरून काढते. उंच डोंगरांच्या माथ्यावर, जेथे नुसता दगडधोंड्यांचा उतार असतो, तेथे दगडांच्या फटींत एक जातीचे पतंग उन्हाळ्यात दडून बसतात. अस्वल तेथवर चढून जाते आणि एकेक दगड उलथून ते पतंग चाटून खाते. अशा रीतीने एका दिवसात ४०,००० पर्यंत पतंग ते खाऊ शकते, असे अभ्यासकांनी मोजले आहे. एका पतंगात जेमतेम अर्धा उष्मांक असतो.

आता पुन्हा त्या शेगडीकडे वळा. मांस भाजताना त्यातील चरबी वितळून खालच्या तबकडीत ठिबकते. एक मोठा चमचाभर चरबीत सुमारे १२० उष्मांक असतात. म्हणजे दोनशेहून अधिक पतंगांचा ऐवज! तबकडीत अर्धी वाटी चरबी साचलेली असेल, तर दिवसभर दगड उलथण्याच्या श्रमांपैकी केवढे श्रम वाचले, याचे गणित अस्वलाला पाटीपेन्सिलीवाचून समजते. शेगडीकडे येणारे अस्वल दुष्ट नसते, चोरही नसते. ते आपल्या परीने चोख हिशेब करीत असते.

त्याला या चरबीचा पत्ता लागतो तो नाकाने. अस्वलाच्या नाकाची घडण वास घेण्यासाठीच झाली आहे. आपल्याला शेजारच्या घरातील फोडणीचा वास येतो, तसा त्याला कित्येक अंतरावरील अन्नाचा वास वाऱ्यावरून येतो. शेगडी थंड झाली म्हणजे तिचा वास गेला, असे माणसाच्या नाकाला वाटते. पण लोखंडी जाळीवर बसलेले काळे कीट, तबकडीच्या कडांना चिकटलेला ओशटपणा, चिमट्याच्या दांड्यावर उडालेले तेल, हे सारे रात्रभर अस्वलाला हाका मारीत असते. शिवाय अस्वलाची स्मरणशक्ती दांडगी असते. एकदा जेथे खायला मिळाले, ती जागा आणि ती वस्तू ते वर्षानुवर्षे विसरत नाही. आणि अस्वलीण असेल तर ती एकटी शिकत नाही. तिच्यामागून चालणारी पिल्लेही शिकतात.

हे ज्ञान माणसाला सुखासुखी झालेले नाही. त्याचा इतिहास काहीसा लाजिरवाणा आहे.

यलोस्टोनमध्ये पूर्वी उपाहारगृहांचा उष्टाखरकटा माल रानातच उकिरड्यांवर टाकीत असत. त्या ढिगांवर अस्वलांचे थवे जमू लागले. ही गर्दी म्हणजे एक मोठी करमणूकच आहे, असे लोकांना वाटले. मग उकिरड्यांजवळ प्रेक्षकांसाठी बाकांच्या रांगा मांडण्यात आल्या, आणि संध्याकाळी शेकडो लोक तेथे बसून अस्वलांचे जेवण पाहू लागले. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे खेळ बंद झाले, परंतु उकिरडे तसेच राहिले. रस्त्यांच्या कडेलाही अस्वले उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींपुढे चक्क भीक मागत आणि लोक खिडकीतून हात काढून त्यांना बिस्किटे भरवीत. त्या काळची छायाचित्रे आज पाहिली म्हणजे अंगावर काटा येतो. १९३१ ते १९६९ या काळात या एका उद्यानात दरवर्षी सरासरी ४८ माणसे अस्वलांकडून जखमी झाली आणि मालमत्तेच्या नुकसानीचे शंभराहून अधिक प्रकार दरवर्षी घडले.

लोकांचे डोळे खरे उघडले ते १९६७ साली. माँटॅना राज्यात ग्लेशिअर नावाचे दुसरे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९१० साली स्थापन झाले आणि पुढे सत्तावन्न वर्षे तेथे ग्रिझलीने कोणाचाही जीव घेतला नव्हता. १३ ऑगस्ट १९६७ च्या त्या एकाच रात्री, एकमेकांपासून काही मैल दूर असलेल्या दोन मुक्कामांवर, दोन निरनिराळ्या अस्वलांनी दोन तरुणींना ठार केले. चौकशीत जे आढळले, ते विचार करण्याजोगे आहे. एका ठिकाणी डोंगरावरील विश्रामगृहातील खरकटे रोज रात्री बाहेर टाकीत आणि ते खायला येणारी अस्वले पाहण्यासाठी पाहुणे जमत. दुसऱ्या ठिकाणी, एका तळ्याच्या काठी, प्रवाशांनी टाकलेल्या कचऱ्यावर एक अस्वल तो सारा उन्हाळा वावरत होते आणि लोकांचे तळ लुटीत होते. दोन्ही अस्वलांना माणसाच्या अन्नाची चटक माणसानेच लावली होती.

त्यानंतर नियम कडक झाले. १९७० साली यलोस्टोनच्या आतील शेवटचा उकिरडा बंद करण्यात आला. हे काम कसे करावे यावर मात्र मोठा वाद झाला. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे दोघे बंधू १९५९ पासून तेथील ग्रिझलींचा अभ्यास करीत होते. अस्वलाच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून त्याचा माग काढण्याची युक्ती त्यांनीच प्रथम वापरली. त्यांचे म्हणणे असे की, पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर जगलेल्या अस्वलांचे अन्न एकदम तोडू नये, हळूहळू तोडावे. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी ते मानले नाही. पुढच्या दोनतीन वर्षांत उपाशी अस्वले माणसांच्या मुक्कामांकडे वळली आणि त्यांतील पुष्कळ मारली गेली. १९७५ साली ग्रिझलीची गणना धोक्यात आलेल्या प्राण्यांत करावी लागली. त्या वेळी यलोस्टोन आणि त्याच्या भोवतालच्या प्रदेशात मिळून अवघी १३६ ग्रिझली उरली असावीत, असा अंदाज आहे. आज तीच संख्या १,००० च्या आसपास गेली आहे, आणि अस्वलाकडून जखमी होणाऱ्या माणसांची यलोस्टोनमधील वार्षिक सरासरी ४८ वरून सुमारे एकावर आली आहे. अस्वले वाढली आणि अपघात घटले! ही किमया होण्याच्या कारणांत बंदुकीपेक्षा झाकण, कडी आणि कुलूप यांचा वाटा मोठा आहे.

तेव्हा आता आपल्या त्या कुटुंबाने शेगडीचे काय करायचे, ते पाहू.

पहिली गोष्ट अशी की, स्वयंपाकाचे काम चालू असेल तेवढाच वेळ ही भांडी बाहेर राहायची. दोन मिनिटांत पाणी घेऊन येतो म्हणून शेगडी एकटी सोडून जाणे नियमाला धरून नाही. अस्वल रात्रीच येते हा एक गैरसमज आहे. माणसाची पाठ वळलेली पाहून भर दुपारीही ते मेजापाशी येऊन उभे राहते.

जेवण झाल्यावर जाळी गरम असतानाच साफ करावी, कारण गार झालेली चरबी लोखंडाला घट्ट धरून बसते. निखाऱ्यांवर रिकामी जाळी थोडा वेळ तापू दिली, म्हणजे चिकटलेले कण जळून कोरडे होतात आणि तारेच्या कुंच्याने खरवडताच पडतात. पडलेले कण जमिनीवर झटकायचे नाहीत. ते कागदावर गोळा करायचे. चरबीची तबकडी हा शेगडीचा सर्वांत धोक्याचा भाग, आणि नेमका तोच लोक विसरतात. त्यातील चरबी थिजू द्यावी, कागदाने निपटून काढावी आणि तो कागद कचऱ्यात टाकावा. चरबी चुलीत किंवा झुडपात ओतणे म्हणजे अस्वलाला पत्र धाडणेच होय. शिळेपाके अन्न आणि हाडे जाळून टाकण्याची काहींना सवय असते; पण अर्धवट जळलेल्या हाडाचा आणि चंदेरी कागदात राहिलेल्या अन्नाचा वास कमी होण्याऐवजी अधिकच दरवळतो. पुरून ठेवावे म्हटले, तर उकरण्यात ग्रिझलीशी कोण स्पर्धा करणार?

पातेली आणि ताटल्या यांचेही तसेच. ओढ्यात भांडी घासायला बंदी आहे. धुवणाचे पाणी गाळणीतून गाळून घ्यायचे, गाळणीत राहिलेली शिते कचऱ्याच्या पिशवीत टाकायची, आणि गाळलेले पाणी त्यासाठी ठरवून दिलेल्या ठिकाणीच ओतायचे. कचऱ्याच्या पेट्याही तेथे निराळ्या असतात. त्या जाड पोलादी पत्र्याच्या असून त्यांची कडी एका अरुंद झडपेच्या आत लपवलेली असते. माणसाची बोटे आत जाऊन कडी दाबू शकतात, अस्वलाचा रुंद पंजा मात्र आत शिरत नाही. अशी कडी तयार करणे वाटते तितके सोपे नाही, कारण ती अस्वलाला कठीण पण घाईतल्या प्रवाशाला सोपी असावी लागते. माणसाला उघडता आली नाही, तर तो कचरा पेटीशेजारीच ठेवून चालू लागतो!

येथवर सारे झाले, शेगडी लखलखीत झाली, तरीही ती बाहेर ठेवता येत नाही. अनेकांना हा नियम जाचक वाटतो. 'स्वच्छ घासली आहे, मग आत कशाला?' असे ते विचारतात. त्याला दोन उत्तरे आहेत. एक तर, माणसाच्या नाकाला स्वच्छ वाटणारे लोखंड अस्वलाच्या नाकाला स्वच्छ नसते. दुसरे असे की, अस्वल डोळ्यांनीही ओळखते. ज्याने पूर्वी एखादी बर्फाची पेटी फोडून खाल्ले आहे, ते तशीच दिसणारी पेटी रिकामी असली तरी फोडून पाहते. म्हणून नियम रिकामी-भरलेली, घासलेली-न घासलेली असा भेद करीत नाही.

ठेवायचे कोठे? बहुतेक मुक्कामांवर जमिनीत पक्क्या बसवलेल्या पोलादी पेट्या असतात. शेगडीचे पाय काढून, जाळी वेगळी करून ती त्यात ठेवतात. शेगडी गॅसची असल्यास टाकीची झडप घट्ट बंद करून ती सोडवून घेतात. कोळशाची असल्यास निखाऱ्यांवर पाणी घालून, ढवळून, हाताला राख गार लागेपर्यंत थांबावे लागते. त्याच पेटीत चहा-साखर, तेल, फळे, पिण्याच्या बाटल्या, कुत्र्याचे खाणे आणि, तुम्हांला नवल वाटेल, साबण, दात घासण्याची पेस्ट व केसांचे तेलही जाते. जे सुगंधी ते खाण्याजोगे, असा अस्वलाचा साधा समज असतो. पेटीचे दार दर वेळी लावायचे आणि कडी सरकल्याचा आवाज ऐकायचा. नुसते ढकललेले दार उघडेच समजावे.

काहीजण आळसाने शेगडी तंबूत ओढून घेतात. यासारखी घातक चूक दुसरी नाही. अस्वल आणि त्याला हवी असलेली वस्तू यांच्यामध्ये आपण कापडाचा एक पडदा आणि आपले निजलेले शरीर ठेवतो. शिवाय शेगडीत निखारे धुमसत असतील, तर त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद तंबूत झोपलेल्या माणसाला तो उठण्याची संधीही देत नाही.

पेटी नसेल तर यलोस्टोनमध्ये मोटारीत, काचा पूर्ण वर करून आणि दारे बंद करून, हे सामान ठेवण्याची मुभा आहे. पण हाच उपाय कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटी उद्यानात रात्री करू गेलात, तर तो गुन्हा ठरतो. त्याची हकिकत मजेदार आहे. योसेमिटीत ग्रिझली नाही, फक्त काळे अस्वल आहे. पण तेथील काळ्या अस्वलांनी मोटारी फोडण्याची कला आत्मसात केली. दाराच्या वरच्या कडेत, काचेच्या चौकटीत, ते नखे अडकवते आणि सारी चौकट बाहेरच्या बाजूला खाली वाकवते. आपण डब्याचे झाकण वाकवावे तितक्या सहज. मग आत शिरून मागची आसने उचकटून सामानाच्या कप्प्यापर्यंत पोहोचते. १९९८ या एका वर्षात योसेमिटीत अस्वलांनी केलेल्या नासधुशीचे दीड हजाराहून अधिक प्रकार नोंदले गेले. पुढे संशोधकांनी फोडलेल्या मोटारींची छाननी केली, तेव्हा असे दिसले की, अस्वले कुटुंबासाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या गाड्या अधिक पसंत करतात. लहान मुले जेथे बसतात, तेथे बिस्किटांचे तुकडे सांडलेले असतात, हे त्याचे एक कारण असावे असे त्या संशोधकांनी सुचवले. आपल्याला याचे हसू येते. पण पुढे पोलादी पेट्या वाढल्या, वनरक्षक रात्री फेऱ्या घालू लागले, तेव्हाच ही नासधूस फार मोठ्या प्रमाणात ओसरली.

मोटारीचा रस्ता सोडून जे पाठीवर पिशवी घेऊन रानात खोल जातात, त्यांना पोलादी पेटी कोठून मिळणार? त्यांनी मुक्कामाची मांडणीच निराळी करायची. तंबू एका ठिकाणी, आणि चूल व सामान त्याच्यापासून निदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, दूर. चूल अशा बाजूला मांडायची की, वारा तंबूकडून चुलीकडे वाहावा आणि वास तंबूकडे येऊ नये. स्वयंपाक करताना अंगात असलेले कपडेही सामानाबरोबरच ठेवून, दुसरे कपडे घालून झोपायला जायचे. यलोस्टोनच्या आतील मुक्कामांवर दोन झाडांमध्ये उंचावर एक आडवा वासा बांधलेला असतो. पातेली, छोटी शेगडी, अन्न आणि कचरा एका पिशवीत घालून दोराने ती त्या वाशाला टांगतात. ती जमिनीपासून निदान १० फूट उंच आणि झाडाच्या बुंध्यापासून ४ फूट दूर असली पाहिजे, कारण काळे अस्वल झाडावर सरसर चढते.

टांगण्याचा हा उपाय सर्वत्र पुरला नाही. काही ठिकाणी अस्वले दोर कुरतडायला शिकली. मग कठीण प्लॅस्टिकचे गोल, गुळगुळीत डबे निघाले. या डब्याला धरायला कड नसते, तोंडात मावत नाही, पंजाने ढकलला तर नुसता घरंगळतो. योसेमिटीच्या रानात असा डबा बरोबर बाळगणे सक्तीचे आहे. यातही अस्वलाने माणसाला एकदा मात दिली आहे. न्यूयॉर्क राज्यातील अडिराँडॅक डोंगरात एक अस्वलीण होती. तिच्या कानांत ओळखीसाठी पिवळे बिल्ले अडकवलेले असल्याने लोक तिला 'यलो-यलो' म्हणत. एका जातीच्या डब्याचे झाकण दाताने दाबून फिरवण्याची युक्ती तिने शोधून काढली. कारखान्याने झाकणाला आणखी एक खीळ बसवली. तिने तीही सोडवली. २०१२ साली ती शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली.

ज्या अस्वलाला माणसाच्या अन्नाची गोडी लागली, त्याची अखेर बहुधा अशीच होते. वनरक्षक त्याला प्रथम हुसकावतात, आवाज करून घाबरवतात. त्याने भागले नाही, तर पिंजऱ्यात धरून दूरच्या रानात नेऊन सोडतात. पण अस्वलाला घरची वाट सापडते, आणि कित्येकदा ते डोंगर ओलांडून परत येते. आले, की पुन्हा तंबू, पुन्हा शेगडी. मग एक दिवस त्याला ठार मारण्यावाचून उपाय उरत नाही. 'खाऊ घातलेले अस्वल म्हणजे मेलेले अस्वल' असे अमेरिकेतील लोक म्हणतात ते याच अनुभवावरून. बंदूक झाडणारा वनरक्षक असतो; पण त्याआधी कोणीतरी, कोठेतरी, एका रात्री शेगडी बाहेर विसरलेला असतो. बहुधा त्या माणसाला पुढे काय झाले हे कधी कळतही नाही.

थोड्या अस्वलांचे नशीब याहून बरे असते. यलोस्टोनच्या पश्चिम दाराशी वेस्ट यलोस्टोन नावाचे एक लहान गाव आहे. तेथील एका केंद्रात अशी ग्रिझली सांभाळली जातात, की ज्यांना पुन्हा रानात सोडता येत नाही. काहींच्या आया मारल्या गेल्या, तर काही माणसाच्या अन्नाला सोकावली होती. या अस्वलांना एक काम नेमून दिलेले आहे. नव्या घडणीची कचऱ्याची पेटी, बर्फाची पेटी किंवा अन्नाचा डबा तयार झाला, की तो अस्वलांसाठी सुरक्षित आहे असा शिक्का मिळण्यापूर्वी या केंद्रात परीक्षेला येतो. आत अस्वलाच्या आवडीचे खाणे भरून तो अंगणात ठेवतात आणि घड्याळ लावतात. अस्वल येते, हुंगते, दातांनी चावते, नखांनी कडा शोधते, उलथापालथा करते, वर उभे राहून सारा भार टाकून दाबते. अस्वल प्रत्यक्ष झटत असेल तेवढाच वेळ मोजला जातो, आणि तो साठ मिनिटे भरावा लागतो.

साठ मिनिटांत झाकण उघडले नाही, तर ती वस्तू उत्तीर्ण होते. उघडले, तर आतला खाऊ अस्वल जागच्या जागी बसून संपवते आणि कारखानदार वाकलेली पेटी घेऊन आपल्या गावी परततो.